भृगूचं पहिलं उत्तर

गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. त्यांच्या नावाचं संस्थान आज रोज भक्तांना महाप्रसाद वाढतं आणि १९८३पासून अभियांत्रिकी महाविद्यालयही चालवतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावात अन्न आणि विद्या अशा शेजारी नांदतात.

घरोघरी मात्र त्यांची उतरंड ठरलेली. आधी अभ्यास, स्वयंपाकात वेळ कशाला घालवायचा? मग खोली करून राहणारा विद्यार्थी संध्याकाळी थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक मिटून परात पुढे ओढतो, तेव्हा तो अभ्यास चुकवतो की स्वतःला सावरतो?

तैत्तिरीय उपनिषदातला भृगूही विद्यार्थीच. ब्रह्म म्हणजे काय, असं तो वडिलांना, वरुणाला विचारतो. वरुण आयतं उत्तर देत नाही; खूण सांगतो आणि तपाला धाडतो. पहिल्या खेपेला भृगू ‘अन्न’ हे उत्तर घेऊन येतो. पुढे प्राण, मन, विज्ञान आणि शेवटी आनंद. वाचणाऱ्याला वाटतं, पहिली पायरी केव्हाच मागे पडली. पण आनंदापाशी पोचताच उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळतं आणि व्रतं सांगतं: अन्नाला नावं ठेवू नयेत, ते अव्हेरू नये, भरपूर करावं, आसऱ्याला आलेल्याला माघारी धाडू नये.

आता परातीकडे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. उकळतं पाणी घातलं की त्यातला स्टार्च फुलतो आणि पीठ धरून राहतं. तळहातानं नीट रगडलं नाही, तर थापताना कडा फाटतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटायची. शेवटी जाळावर धरली की आतल्या वाफेनं पापुद्रा सुटतो, भाकरी टम्म फुगते. उष्णतावहनाचा धडाच हा, पण याला गुण नाहीत.

सुटका आहे ती इथेच. सेमिस्टरचा निकाल लागायला महिने जातात आणि तो लावतं दुसरंच कोणी. भाकरीचा निकाल तिथल्या तिथे. बिघडली तरी पिठल्यात कुस्करून खाता येते. शिवाय प्रयोगशाळेत करणाऱ्याचा हात निकालात उतरता कामा नये. पिठल्यात तो उतरलाच पाहिजे: कोणाचं घट्ट, कोणाचं सरसरीत, कोणाचं लसूण-मिरचीनं नाकातून पाणी काढणारं.

मात्र हा विरंगुळा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलानं हौसेनं पिठलं घोटलं की घरभर कौतुक. त्याच्या बहिणीनं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडं टाकून दहा भाकऱ्या थापल्या, तर ते चांगलं वळण! तिच्यासाठी ती हौस नव्हे, दिवसाची दुसरी पाळी.

भृगू तपाला बसला तेव्हा रांधत कोण होतं, हे उपनिषद सांगत नाही. व्रतं मात्र जाणत्यालाही सांगितलेली आहेत. मग नुसतं शिकतो आहे म्हणून त्यातून कोणाची सुटका नाही. तेव्हा भाऊ-बहीण दोघंही विज्ञान शिकत असतील, तर अभ्यासाच्या वेळापत्रकातच भाकऱ्यांची पाळीही लिहावी: या आठवड्यात चार दिवस त्याचे, तीन तिचे, पुढच्या आठवड्यात उलट.