कर्मातील कुशलता

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील पन्नासाव्या श्लोकात भगवंतांनी कर्मातील कुशलतेलाच योग म्हटले आहे. या वचनाचा आधार घेऊन कोणत्याही हस्तकौशल्याला योग म्हणणारे लोक आढळतात. तसे असते तर खिसेकापूही योगी ठरला असता! श्रीमदाद्य शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या शब्दाचे मर्म उलगडले आहे. कर्म हे स्वभावतः बंधनकारक. परंतु तेच समबुद्धीने केले असता बांधीत नाही. ही युक्ती साधणे हीच कुशलता.

येथे गृहस्थाच्या मनात शंका उत्पन्न होते. फळाची आसक्ती सुटली, तर मनुष्य कष्ट तरी कशासाठी करील? मल्ल आखाड्यात का उतरेल? गायक पहाटे उठून तंबोरा का जुळवील?

या शंकेचे समाधान अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात आहे. कर्मसिद्धीची कारणे पाच : अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, इंद्रियादी साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. फळ या पाचांच्या मिळणीतून निपजते. त्यांतील दैव कोणाच्याही हातात नाही. चेष्टा मात्र पूर्णपणे मनुष्याच्या स्वाधीन आहे. म्हणून जे आपल्या हाती नाही त्यावरील दृष्टी काढून जे हाती आहे त्यावर ती स्थिर करावी, असा या उपदेशाचा आशय आहे. फलत्याग म्हणजे प्रयत्नत्याग नव्हे.

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांचे पहिले गुरू म्हणजे त्यांचे वडील. सारी तालीम तांबड्या मातीत झालेली. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरची अपरिचित कुस्ती व तिचे निराळे नियम समोर आले. तेथे त्यांना सहावे स्थान मिळाले. पुढची चार वर्षे त्यांनी पुन्हा साधनेत घालविली. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी द्रव्य नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी जमविली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले. तेथे एक दीर्घ व दमविणारी कुस्ती संपताच नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती न मिळता त्यांना पुढच्या कुस्तीस उभे राहावे लागले आणि ती त्यांनी गमावली. तरीही कांस्यपदक त्यांचे झाले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यानंतरचे दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

घर गहाण टाकणारे प्राचार्य हे दैवाचेच अनुकूल रूप आणि हिरावलेली विश्रांती हे प्रतिकूल. दोन्हींवर त्या मल्लाची सत्ता नव्हती. त्याची सत्ता होती ती रोजच्या घामावर.

सहाव्या अध्यायात चंचल मन आवरण्यासाठी भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली आहेत. विद्या, कला व क्रीडा यांनाही हीच जोडी लागू पडते. वैराग्यावाचून केलेला अभ्यास चिंतेत जळून जातो आणि अभ्यासावाचूनचे वैराग्य हा केवळ आळसाचा बुरखा असतो. गाताना ज्याचे चित्त टाळ्यांकडे लागले, त्याचा सूर तेथेच ढळतो.

गृहस्थांनी याचा विचार आपल्या घरात विशेष करावा. मुलगा परीक्षेहून वा स्पर्धेहून परतला, की उंबरठ्यातच त्याला विचारले जाते, “कितवा आलास?” या एका प्रश्नाने पाचही कारणांचा भार त्या कोवळ्या जीवाच्या माथी पडतो. अपयश आल्यास तो स्वतःलाच निरुपयोगी मानू लागतो. कित्येकदा आवडती विद्याच टाकून देतो. त्याऐवजी “आज काय नवे साधले? कोठे चुकले?” असे प्रेमाने विचारावे. चूक दाखवावी, ती सुधारावयास बळ द्यावे आणि यशापयश प्रभूच्या चरणी ठेवावयास शिकवावे. मात्र आईवडिलांनी स्वतः तसे वागल्याखेरीज हे शिकवणे फळणार नाही. कचेरीतील लेखणी असो, स्वयंपाकघरातील पोळपाट असो की शेतातील नांगर असो, आपापल्या कर्माने ईश्वराची पूजा केली असता मनुष्य सिद्धी पावतो, असे आश्वासन अठराव्या अध्यायात दिलेले आहे. पूजेचे फूल कोणी कोमेजलेले वाहत नाही. मग पूजा म्हणून केलेले काम ओबडधोबड कसे ठेवावे?

पदक एकालाच मिळते. पण निर्मळ चित्ताने केलेल्या साधनेचा प्रसाद प्रत्येकाच्या वाट्यास येतो.