साखळीची पहिली कडी (गीता २.६२-६३)



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६२ आणि ६३ या श्लोकांवर. भगवंत इथे माणूस कसा घसरतो त्याची साखळीच मांडतात. विषयाचं सतत ध्यान केलं की संग जडतो. संगातून काम, म्हणजे हाव. हाव अडली की क्रोध. क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश.

परवा सत्संगानंतर एक ताई म्हणाल्या, "दादा, मुलगा नववीत आहे. जेवताना हातातला मोबाइल काढून घेतला, तर ताट सरकवून उठला. असा नव्हता हो तो." त्यांचे डोळे भरून आले होते.

आपल्याला दिसतो तो क्रोध. पण मोजून बघा, क्रोध ही चौथी कडी आहे. आरडाओरडा करून आपण चौथ्या कडीशी भांडतो, पहिलीला हातच लावत नाही.

पहिली कडी आहे ध्यान. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून हा शब्द मला फार नेमका वाटतो. रील्स दाखवणारी यंत्रणा तुमच्या लाइकची वाट बघत बसत नाही. कुठल्या व्हिडिओवर तुम्ही किती सेकंद थांबलात, हे ती मोजते आणि त्याच जातीचं आणखी पुढे वाढते. म्हणजे मोजलं जातं ते ध्यानच! त्यात न संपणारं स्क्रोल. अझा रास्किन यांनी २००६ मध्ये ते बनवलं आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. पान संपलं की माणूस क्षणभर थांबतो, विचार करतो. ती थांबायची जागाच त्यात उरली नाही.

आता नववीतल्या मुलाकडे बघा. मेंदूचा आवर घालणारा, पुढचा विचार करणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. ज्या बुद्धीनं साखळी तोडायची, तीच अजून तयार होतेय. मग त्याला एकट्यालाच "कंट्रोल कर" म्हणणं कितपत न्याय्य आहे?

बरं, मोबाइल फेकून द्या असंही भगवंत म्हणत नाहीत. लगेच पुढचा ६४वा श्लोक वाचा. विषयांमध्ये वावरतानाही ज्याची इंद्रियं ताब्यात आहेत, त्याला प्रसाद मिळतो. इथे प्रसाद म्हणजे मनाची प्रसन्नता. आणि हे जमायला मुलांना सोबत लागते. तिसऱ्या अध्यायात सांगितलंच आहे की मोठी माणसं जसं वागतात तसंच बाकीचे वागतात.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये हेच केलं. संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांत मोबाइल, टीव्ही बंद. फक्त मुलांचे नाही, मोठ्यांचेही. यात मुलाला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही, कारण सगळं घरच नेम पाळतंय.

एक मात्र मनापासून सांगतो. मूल झोपत नसेल, मित्र तोडत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर "नामस्मरण कर" एवढ्यावर थांबू नका. समुपदेशकाकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. औषध आणि उपासना यांचं भांडण नाही.

आजचा नेम: घरात धाकटं भावंड, भाचा, पुतणी कोणी असेल, तर आज जेवताना आधी आपला फोन देवघराजवळ ठेवा. काही बोलू नका, उपदेश तर नकोच. फक्त विचारा, "आज काय झालं रे शाळेत?" आणि उत्तर संपेपर्यंत त्याच्याकडेच बघा.

ध्यान द्यायचंच आहे, तर ते आधी घरातल्या लेकराला देऊ या.

जय हरी!