मासा सोडून दिला म्हणजे हिंसा टळली काय?

पहिल्या शीलाचा अर्थ कोणी विचारला, तर आपण चटकन उत्तर देतो : जीवहत्या करणार नाही. मग ज्या खेळात जीव घेतलाच जात नाही, त्या खेळाला धम्माचा आक्षेप असेल काय? वाचकहो, इंग्लंडातील एका खेळाच्या निमित्ताने आपण हा प्रश्न तपासून पाहू.

कार्प हा गोड्या पाण्यातील मासा. आपल्या तळ्यांतील रोहू आणि कटला त्याच्याच कुळातले. इंग्लंडातील हौशी मंडळी गळाच्या आकड्यावर पिसे व दोरा बांधून खोटी माशी तयार करतात आणि लांब काठीने ती तळ्याच्या पाण्यावर अलगद टाकतात. मासा खाद्य समजून ती तोंडात घेतो व अडकतो. त्याला बराच वेळ झुंजवून काठाशी ओढतात, वजन करतात, छायाचित्र काढतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. काही जण माशीऐवजी साधे आमिष लावतात. पण सोडण्याचा रिवाज तोच. बेन्सन नावाची एक मोठी कार्प मादी अशा रीतीने साठाहून अधिक वेळा गळाला लागली होती. 2009 साली ती मेली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिची बातमी छापली.

या मंडळींचा युक्तिवाद असा : आम्ही मारत नाही. आमच्या आकड्याला उलटे टोक नसते. ओठाच्या जखमेला आम्ही औषध लावतो. जाळे टाकून मासे मारणारा आणि विकणारा कोळी हिंसक. आम्ही तर माशांचे मित्र!

हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण तथागतांनी अशा प्रसंगी काय विचारले ते पाहा. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले मासे धरून त्यांना छळत होती, अशी कथा उदानात आहे. किती मासे मेले, हे भगवंतांनी विचारले नाही. दुःखाचे भय तुम्हाला स्वतःला वाटते की नाही, एवढेच त्यांनी मुलांना विचारले. म्हणजे प्रश्न मरणाचा नव्हता, दुःखाचा होता.

माशाला दुःख होते काय? 2003 साली ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउट माशांच्या ओठांत दाहक द्रव्य टोचले. ते मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले आणि बराच काळ त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, हे खरे. परंतु ज्याला इजा होते की नाही याची शंका आहे, त्याच्यावर केवळ मौजेसाठी आकडा चालवावा काय? शंकेचा फायदा कोणाला द्यायचा, हे करुणेला शिकवावे लागत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत स्पष्ट भेद केला आहे. हाच भेद येथे लावून पाहा. तळ्यात जाळे टाकणारा भोई चूल पेटावी म्हणून मासा धरतो. त्याच्या जाळ्यात मासा मरतो, ते दुःखच आहे. गरज म्हणजे पुण्य नव्हे. तरी त्या दुःखामागे पोट आहे. मासा सोडून देणाऱ्या हौशी माणसामागे काय आहे? त्याला मासा खायचा नाही, विकायचा नाही. त्याला हवी असते ती माशाची धडपड. आणि ती धडपड हीच त्याची करमणूक! येथे गरज शून्य आणि इच्छा शंभर टक्के. स्वित्झर्लंडच्या कायद्याने परत सोडण्याच्याच हेतूने मासे गळाने धरण्यास मनाई केली आहे. खाणाऱ्याला मोकळीक आणि सोडणाऱ्याला बंदी, हे प्रथम उलटे वाटते. विचार केल्यावर त्यातील न्याय कळतो.

आपल्याकडेही मासे खाणाऱ्याला हीन लेखून स्वतःला अहिंसक म्हणवणारे कमी नाहीत. ताटात काय आहे एवढ्यावरून माणसाचे शील मोजणे ही जुनी खोड आहे. धम्म ताटाकडे नव्हे, मनाकडे पाहतो. दुसऱ्याच्या तडफडीत ज्याला आनंद वाटतो, त्याचे हात रक्ताने माखलेले नसले तरी त्याचे पहिले शील ढळलेले असते.

मग तळ्याकाठी जाऊ नये काय? अवश्य जावे. तासन् तास शांत बसावे, पाण्यावर येणारा मासा न्याहाळावा, तळे स्वच्छ राखावे. या खेळात जे चांगले आहे ते सर्व गळावाचून मिळते. गळाने मिळते ते फक्त एकच : आपल्याहून दुबळ्या जीवाला झुंजवल्याचे समाधान. वाचकहो, हे समाधान आपल्याला कशासाठी हवे असते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. मग तो दुबळा जीव पाण्यातला असो, नाहीतर आपल्या घरातला, आपल्या हाताखालचा असो.