शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा हक्क

इयादत, म्हणजे आजाऱ्याची विचारपूस करणे, हा एका मुसलमानाचा दुसऱ्या मुसलमानावरील हक्क आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो स्पष्टपणे शिकविला. परंतु साथीच्या काळात रुग्णालयच संसर्गाचे केंद्र बनले, तर हा हक्क अदा कसा करावा?

२०१५ साली दक्षिण कोरियात ‘मर्स’ या श्वसनरोगाची साथ आली. अरब देशांतून परतलेल्या एका प्रवाशापासून ती सुरू झाली. १८६ जणांना लागण झाली. ३८ जण मरण पावले. हा रोग बाजारांत वा वस्त्यांत नव्हे, तर मुख्यतः रुग्णालयांतच पसरला. एका तातडीच्या विभागात एकाच रुग्णापासून ऐंशीहून अधिक जण बाधित झाले. एकूण बाधितांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक रुग्णांचे नातेवाईक व भेटीस आलेले होते. रोग उशिरा ओळखला जाणे आणि कक्षांतील गर्दी ही कारणे होतीच. पण आजाऱ्याभोवती आप्तांनी जमण्याची रीतही त्यांत होती. ती रीत आपलीही आहे.

कर्माचे मोल हेतूवर ठरते, हे खरे. मात्र कोणास हानी पोहोचवू नये, हीदेखील प्रेषितांचीच शिकवण आहे. शुद्ध हेतू म्हणजे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याची मुभा नव्हे. आपण आपल्या माणसासाठी जातो, तेव्हा शेजारच्या खाटेवरील अनोळखी रुग्णाचा आणि तेथे राबणाऱ्या परिचारिकेचाही आपल्यावर हक्क असतो.

सकीफ कबिल्याच्या शिष्टमंडळात एक कुष्ठरोगी होता. प्रेषितांनी (स.) त्याला निरोप धाडला की, तुझी बैअत आम्ही स्वीकारली आहे, तू परत जा. हा प्रसंग ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. हातात हात न देताही नाते जोडले गेले. अंतर राखले गेले, पण त्या माणसाला नाकारले गेले नाही.

म्हणून भीतीपोटी आजाऱ्यास वाऱ्यावर सोडणे हाही मार्ग नव्हे. रुग्णालय ज्या एका माणसास परवानगी देईल, त्याने मुखपट्टी बांधून, हात धुऊन, नियम पाळून सेवा करावी. इतरांनी दूरध्वनीवरून धीर द्यावा, दुआ करावी, घरी राहिलेल्यांच्या जेवणाची आणि औषधांच्या खर्चाची काळजी घ्यावी. दाराबाहेर थांबणाऱ्याची ही सेवाही इयादतच आहे, आणि अल्लाह अंतःकरणातील हेतू जाणतो.