सगळी बटणं पाचावर

माझ्या हातात जगातलं कुठलंही बटण द्या, मी ते मधोमध नेऊन ठेवतो. पंखा तीनवर. इस्त्री 'सिल्क' आणि 'कॉटन' यांच्या बरोबर मध्ये, त्यामुळे माझे शर्ट ना धड चुरगळलेले, ना धड इस्त्रीचे. बी.कॉम.लाही मला वर्ग मिळाला तो दुसरा. आणि गेली बावीस वर्षं मी बँकेत कारकून आहे. खातेवहीत डेबिट आणि क्रेडिट यांच्या मध्ये जी उभी रेघ असते ना, ती म्हणजे अस्मादिक.

या स्वभावाला मी आजवर 'तटस्थपणा' म्हणत आलो. परवा एका अमेरिकन पेटीनं माझा हा गैरसमज दूर केला.

झालं असं, की माझा भाचा अमेरिकेहून रजेवर आला तो गिटारचा मॉड्यूलर प्रीॲम्प घेऊन. प्रीॲम्प म्हणजे गिटारकडून येणाऱ्या क्षीण आवाजाला मोठ्या ॲम्प्लिफायरकडे धाडण्याआधी बळ आणि वळण लावणारा प्रकार. आपल्याकडे शाळेआधी बालवाडी असते तसा. आणि मॉड्यूलर म्हणजे चकलीचा सोऱ्या! सोऱ्या तोच, चकती बदलली की चकलीच्या जागी शेव. इथं पेटी तीच, खणातलं मॉड्यूल बदललं की आवाज बदलला. ब्रूस एग्नेटर नावाच्या अमेरिकन गृहस्थानं ही पद्धत रूढ केली. आधी रँडलच्या नावानं, पुढं सिनर्जीच्या नावानं ती बाजारात आली.

मॉड्यूलच्या तोंडावर पाच बटणं होती: गेन, बेस, मिड, ट्रेबल आणि मास्टर.

"मामा, तू लाव बघू," भाचा म्हणाला.

मी पाचही बटणं पाचावर नेली. "झालं! कुणावर अन्याय नको."

तो हसला. "मामा, अन्याय तर इथंच झाला!"

मग त्यानं माझी शिकवणी घेतली. अशा बटणांमागच्या सर्किटचं कुळ शोधत गेलं, तर ते बहुतेक वेळा लिओ फेंडरच्या ॲम्प्लिफायरपाशी पोचतं. हा फेंडर मूळचा हिशेबनीस! मंदीत नोकरी गेली, तेव्हा 1938 साली त्यानं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पुढं 1962 साली लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात पहिला मार्शल ॲम्प तयार झाला, तोही फेंडरच्या 'बेसमन'वर बेतून. आणि मार्शलसाहेब स्वतः ड्रमवाले. निम्म्या रॉक संगीताचा पाया एका हिशेबनिसानं घातला हे ऐकून माझी मान ताठ झाली. ती फार वेळ राहिली नाही.

"बेस, मिड, ट्रेबल ही तीन बटणं आवाज वाढवत नाहीत, मामा. ती फक्त कापतात. किती कापू द्यायचं एवढंच आपल्या हातात."

"म्हणजे टीडीएस," मी म्हणालो. विषय अचानक माझ्या आवाक्यात आला.

"तसंच समज. तिन्ही शून्यावर आणलीस तर आवाज जवळजवळ जातोच. आणि तिन्ही मधोमध ठेवलीस, तर सगळ्यांत जास्त कापला जातो तो मिड, म्हणजे मधलाच आवाज! खरा सपाट आवाज हवा असेल, तर मिड दहावर आणि बाकीची दोन जवळजवळ खाली."

हे म्हणजे फारच झालं. शिवाय यातल्या काही बटणांचा पाच हा निम्मासुद्धा नसतो. बटण अर्धं फिरलं तरी आत जेमतेम दहा-पंधरा टक्केच वाट उघडते. आणि एक हलवलं की शेजारचंही थोडं हलतं, एकत्र कुटुंबात होतं तसं.

"पण मी तर काहीच ठरवलं नव्हतं रे!"

"तू ठरवलं नाहीस म्हणून कुणीच ठरवलं नाही, असं नसतं. बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. तू त्याला हो म्हणालास, इतकंच."

"ऐकायला तर छान लागतंय की!"

"खोलीत एकटा आहेस म्हणून. बँडमध्ये खालची जागा बेसनं आणि ड्रमनं घेतलेली, वरची झांजांनी. गिटारला उरते ती मधलीच. तीच कापलीस, तर घरी राजा आणि स्टेजवर गायब!"

'घरी राजा' एवढं सोडलं, तर हे वर्णन माझंच होतं.

आणि मला अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. आमच्या शाखेत रोजंदारीवर एक पोरगा होता. त्या दिवशी कॅशमध्ये दहा हजार कमी आले. कॅशियरनं बोट दाखवलं पोराकडे. अडीचच्या सुमारास तो काउंटरच्या आत घुटमळत होता म्हणे. मॅनेजरनी मला विचारलं, "तुम्ही शेजारीच बसता. काय पाहिलंत?"

अडीचला तो पोरगा खाली टपरीवर होता. मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो माझाच चहा आणायला गेला होता.

मी म्हणालो, "साहेब, मी कामात होतो. नक्की सांगता येणार नाही."

कॅशियर मित्र, मॅनेजर साहेब, पोरगा गरीब. कुणावर अन्याय नको! सगळी बटणं पाचावर.

दुसऱ्या दिवसापासून पोराला बोलावणं बंद झालं. आठवड्यानं एका खातेदारानं जादा आलेलं शंभराच्या नोटांचं पुडकं परत आणून दिलं. कॅशियरनं पेढे वाटले. पोराला परत बोलवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी पडलो तटस्थ. त्या चहाचे पैसे मी त्याला दिले होते का, हे मला आठवत नाही. एरवी माझा हिशेब चुकत नाही.

"मामा, गप्प का झालास?"

"असं कर," मी म्हणालो, "कुठलं बटण कितीवर ठेवायचं, त्याचा एक तक्ता लिहून दे." परिपत्रक हाती असलं की कारकून निर्धास्त असतो.

भाच्यानं पेटी बंद केली, दुसरं मॉड्यूल सरकवलं, पेटी पुन्हा चालू केली. बटणं त्याच आकड्यांवर नेली, तार छेडली, आणि आवाज मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा किंचाळला.

"एकाचा पाच दुसऱ्याचा पाच नसतो, मामा. दर वेळी कान देऊन नव्यानं लावावं लागतं."

मग मी मिड आठवर नेला, बाकीची दोन खाली घेतली. आवाज तितकासा गोड नव्हता. सर्दी झालेल्या माणसानं भांडावं तसा होता. पण होता, आणि भिंतीपलीकडेही गेला असावा, कारण स्वयंपाकघरातून सौ. ओरडली, "अहो, शेजारी काय म्हणतील? बारीक करा तो!"

'करतो, करतो' हे शब्द सवयीनं ओठांवर आलेच होते.

"शेजारी काय म्हणतात ते शेजाऱ्यांना म्हणू दे," मी म्हणालो.

हातातला झारा तसाच धरून सौ. दारापर्यंत आली, आणि बोलला तो मीच ना, याची खात्री करून परत गेली.