दुसऱ्या जागेचा माणूस

२०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात उपराष्ट्रपतिपदासाठी दोन नावे जाहीर झाली आणि आमच्या मंचेरियलसारख्या कोळशाच्या गावीही चर्चेला रंग चढला. श्री. जगदीप धनखड यांनी २१ जुलै रोजी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिल्यामुळे ते पद मुदतीपूर्वीच रिकामे झाले होते. सत्ताधारी आघाडीने महाराष्ट्राचे त्या वेळचे राज्यपाल श्री. सी. पी. राधाकृष्णन यांना उभे केले. विरोधी आघाडीने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती श्री. बी. सुदर्शन रेड्डी यांना. एक तमिळनाडूचे, दुसरे तेलंगणाचे. आम्हां सीमेवरच्या मराठी लोकांना दोघेही अगदीच परके नव्हते. पहिल्यांनी २०२४ साली काही महिने तेलंगणाच्या राज्यपालपदाचाही कारभार पाहिला होता, आणि दुसरे काही काळ गोव्याचे लोकायुक्त होते.

आता चर्चा कशाची झाली? तेलुगू माणसाच्या पाठीशी तेलुगू पक्षांनी उभे राहावे की नाही, आणि तमिळ माणसाच्या पाठीशी तमिळ पक्षांनी. तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी तर तसे जाहीर आवाहनच केले. ९ सप्टेंबर रोजी मतदान झाले व श्री. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी निवडून आले. गंमत अशी की, तेलुगू देसमने तमिळ उमेदवाराला पाठिंबा दिला, द्रविड मुन्नेत्र कळघमने तेलुगू उमेदवाराला, आणि भारत राष्ट्र समिती मतदानापासून दूर राहिली. ज्या भाषेच्या नावाने एवढा गजर झाला ती भाषा शेवटी मापात आलीच नाही! न्यायमूर्ती रेड्डी यांनी २०११ साली दिलेल्या सल्वा जुडूमच्या निकालावर काही बोलणे झाले, तेवढाच काय तो त्या माणसाच्या कामाचा विचार. परंतु ‘उद्या राष्ट्रपतींची खुर्ची अकस्मात रिकामी झाली, तर तीवर बसण्यास ह्या दोघांपैकी अधिक योग्य कोण?’ हा प्रश्न निदान आमच्या कानी आला नाही.

वास्तविक हाच पहिला प्रश्न असावयास पाहिजे होता. राज्यसभेचे अध्यक्षस्थान हे उपराष्ट्रपतींचे रोजचे काम. पण घटनेचे ६५ वे कलम सांगते की, राष्ट्रपतींचे पद रिकामे झाल्यास नवा राष्ट्रपती येईपर्यंत उपराष्ट्रपतींनी ते सांभाळावे. हे कागदावरचे बोलणे नव्हे. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन पदावर असतानाच निवर्तले. उपराष्ट्रपती श्री. व्ही. व्ही. गिरी यांनी काम हाती घेतले, आणि जुलैमध्ये स्वतः निवडणूक लढविण्यासाठी तेही सोडले. पहिलीही जागा रिकामी, दुसरीही रिकामी. तेव्हा नागपुरात वकिली व न्यायदान केलेले सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना सुमारे पाच आठवडे राष्ट्रपतींचे काम करावे लागले. त्यासाठी लागणारा कायदा त्याच वर्षी केलेला होता. पुढे ११ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले. मग जमखंडीकडचे श्री. बी. डी. जत्ती ह्यांनी जुलै अखेरपर्यंत, म्हणजे देशातील पहिले बिगर-काँग्रेस सरकार आले त्या सबंध खळबळीच्या काळात, राष्ट्रपतींची सही केली. नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा कागद त्यांच्याच पुढे आला होता. राज्यसभेच्या खुर्चीपुरते म्हणून निवडलेल्या मनुष्याच्या हातात ती लेखणी आली.

आपल्याकडे राष्ट्रपती व उपराष्ट्रपती ह्यांच्या निवडणुका निरनिराळ्या होतात. अमेरिकेत दोघे एकाच जोडीने उभे राहतात आणि मतदार जोडीला मत देतो. त्यामुळे तेथे ‘जोडीदार कोण घ्यावा’ ह्याचा हिशेब उघडपणे मांडला जातो: उमेदवार उत्तरेचा असेल तर जोडीदार दक्षिणेचा, उमेदवार वृद्ध असेल तर जोडीदार तरुण. आमच्या शेजारच्या आंध्र प्रदेशात २०१९ साली एकदम पाच उपमुख्यमंत्री नेमले गेले: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, मुसलमान व कापू, प्रत्येकी एक. महाराष्ट्रात १९७८ साली नाशिकराव तिरपुडे हे पहिले उपमुख्यमंत्री झाले, तेही दोन काँग्रेस पक्षांची मोट बांधण्यासाठीच. पाहावे तेथे तराजू एकच आहे. आणि तराजूत टाकलेल्या वजनाला त्याचे गुण कोणी विचारत नाही. ते किती भरते एवढेच पाहतात.

ह्याचा परिणाम काय होऊ शकतो, ते १८६४ च्या अमेरिकेत दिसते. यादवी युद्ध चालू होते. अध्यक्ष लिंकन ह्यांच्या बरोबर दुसऱ्या जागेसाठी टेनेसीच्या अँड्र्यू जॉन्सन ह्यांना घेतले गेले. ते विरोधी पक्षाचे आणि दक्षिणेचे. त्यांच्या नावाने फुटलेला देश एक असल्याचे दाखविता येत होते. मतांच्या दृष्टीने निवड उत्तम. पुढच्या एप्रिलमध्ये लिंकन ह्यांचा खून झाला आणि जॉन्सन पहिल्या जागी आले. नुकतेच गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना नागरिकत्वाचे हक्क देणारे विधेयक १८६६ साली संमत झाले, तेव्हा ते नाकारण्याची सही ह्याच माणसाने केली. काँग्रेसला ते त्यांच्या डोक्यावरून पुन्हा संमत करावे लागले. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. त्या मुक्तीच्या वाटेत आडवा आलेला मनुष्य शत्रूच्या गोटातला नव्हता. तो त्याच जोडीतला दुसरा होता.

पण आपण राजकारणी लोकांकडे बोट दाखवून थांबू नये. पवित्र शास्त्रात हीच गोष्ट आहे, आणि शब्बाथशाळेत ती आपण दरवर्षी शिकवितो. मोशेला बोलता येत नव्हते, म्हणून अहरोन त्याला जोडीला मिळाला (निर्गम ४). एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, हे स्वतः देवानेच योजिले. म्हणून उणीव भरणारा जोडीदार पाहणे हे मुळातच पाप, असे आम्ही म्हणणार नाही. फारोपुढे अहरोनाची वाणी उपयोगी पडली. परंतु पुढे मोशे डोंगरावर गेला आणि जाताना वडील जनांना सांगून गेला की, काही वाद निघाल्यास अहरोन व हूर तुमच्याजवळ आहेत (निर्गम २४). चाळीस दिवसांत सोन्याचे वासरू उभे राहिले! मोशेने जाब विचारला तेव्हा अहरोन म्हणतो, मी सोने विस्तवात टाकले आणि हे वासरू बाहेर आले. मुले ह्या ठिकाणी हसतात. (हूर कोठे गेला, असे एखादा चलाख मुलगा विचारतो. शास्त्र त्याविषयी काही सांगत नाही, तेव्हा शिक्षकांनीही तसेच सांगावे.)

अहरोन वाईट मनुष्य होता काय? नव्हे. तो लोकांना समजून घेणारा, लोकांत मिसळणारा, गोड वाणीचा होता. आणि त्याच गुणाने घात केला. दुसऱ्या जागेवर ‘होय’ म्हणणारा मनुष्य सर्वांना आवडतो. तो वरच्याला होय म्हणतो, खालच्यांनाही होय म्हणतो, आणि काम सुरळीत चालते. परंतु पहिली जागा अकस्मात अंगावर पडते त्या दिवशी होकाराचा उपयोग नसतो. त्या दिवशी लोक सोन्याची कर्णभूषणे हातात घेऊन दारी उभे असतात आणि त्यांना ‘नाही’ म्हणावे लागते. अहरोनाला तोंड म्हणून नेमले होते. डोके म्हणून त्याला मागे ठेवले, तेव्हा ते ओझे त्याला पेलले नाही.

इथल्या खाणींत काम केलेल्या बांधवांना ही गोष्ट अधिक सांगावी लागणार नाही. खाणीचा मॅनेजर रजेवर गेला तर त्याची खुर्ची मर्जीतल्या कोणालाही देता येत नाही. पात्रतेचा दाखला असलेला मनुष्य लेखी नेमावा लागतो. मॅनेजर घरी गेला म्हणून छत कोसळायचे थांबत नाही.

मग भाषा, प्रांत, जात ह्यांचा विचार मुळीच करू नये काय? येथे पुष्कळ भले ख्रिस्ती लोक घाईने ‘करूच नये’ असे म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढून पाहा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत होती. मंडळीने सात पुरुष निवडले: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. सातही नावे ग्रीक! ज्यांची कुरकुर होती त्यांच्यातलीच माणसे पुढे आणण्याचे शहाणपण त्या पहिल्या मंडळीला होते. मंचेरियलच्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ह्याचे मोल कळते. चंद्रपूर, सिरोंचाकडून कामाच्या शोधात येऊन जी घरे येथे स्थायिक झाली, त्यांची मुले तेलुगू शिकली, पण आजीची प्रार्थना मराठीतच राहिली. अशा घरातला एखादा कमिटीत असावा, असे वाटण्यात काही गैर नाही.

मात्र त्या अध्यायात प्रश्नांचा क्रम पाहावा. प्रेषितांनी आधी सांगितले ते असे की, नावलौकिक चांगला असलेले, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असे पुरुष शोधा. आधी ही चाळणी, मग नावे. म्हणूनच पंगतीची सेवा करावयास नेमलेला स्तेफन धर्मसभेपुढे उभा राहू शकला आणि फिलिप्प शोमरोनात जाऊन उपदेश करू शकला. पहिल्या अध्यायातही तसेच आहे. यहूदाच्या जागी मनुष्य घ्यावयाचा होता, तेव्हा पेत्राने प्रथम अट घातली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून जो सतत आपल्याबरोबर होता तोच. त्या अटीत बसणारे दोघे निघाले, बर्सबा व मत्थिया. आणि मगच चिठ्ठ्या टाकल्या. दोघेही लायक असल्यावर चिठ्ठीनेही चालते. भाषेनेही चालेल, प्रांतानेही चालेल. जगाची चूक तोलण्यात नाही. जे नंतर तोलावयाचे ते आधी तोलण्यात आहे.

एक अडचण उरतेच. जो अद्याप पहिल्या जागेवर बसलाच नाही, तो तेथे कसा वागेल हे कळावे कसे? आमचे उत्तर असे की, त्याने कधी, स्वतःचे नुकसान होत असता, ‘नाही’ म्हटले आहे काय ते पाहावे. यहोशवा वर्षानुवर्षे मोशेचा सेवक होता. पण बारा हेरांपैकी दहांनी लोकांची मने खचविली, तेव्हा कालेबाबरोबर तो विरुद्ध उभा राहिला आणि लोक धोंडमार करण्याच्या गोष्टी बोलू लागले (गणना १४). मोशेच्या मागून कोण, ह्याचे उत्तर त्या दिवशीच अर्धे मिळाले होते. हे मापही पुरेसे नाही, हे मान्य केले पाहिजे. जॉन्सन ह्यांनीही एकदा मोठे ‘नाही’ म्हटले होते. दक्षिणेची राज्ये फुटून निघाली तेव्हा त्यांपैकी एकट्या त्यांनीच अमेरिकेच्या सेनेटमधील आपली जागा सोडली नाही. धैर्य होते. परंतु ते धैर्य देशाच्या ऐक्यासाठी होते, शेतात राबणाऱ्या काळ्या माणसासाठी नव्हते. तेव्हा ‘नाही’ कोणासाठी म्हटले, हेही विचारावे लागते. आणि त्यासाठी उमेदवाराला ओळखणाऱ्या सर्वांत दुबळ्या मनुष्याकडे जावे लागते. मंडळीत तो मनुष्य बहुधा चर्चचा शिपाई असतो, किंवा मागच्या बाकावरची एखादी विधवा. त्यांना कोणी विचारत नाही.

मंडळ्यांच्या वार्षिक सभेत काय होते, हे वाचकांनी पाहिलेले आहे. अध्यक्ष व सचिव ह्यांच्या नावांसाठी ओढाताण होते. मग कोणी तरी म्हणतो, “त्या लोकांनाही काही तरी द्या,” आणि उपाध्यक्ष, उपसचिव, शब्बाथशाळेचा उपअधीक्षक अशी पदे वाटली जातात. घेणाराही संतुष्ट, कारण मान आहे व काम नाही. ह्यात त्या मनुष्याचाही अपमान आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याला कोणी योग्य म्हणून बोलाविलेले नसते. गप्प बसावा म्हणून बोलाविलेले असते. आणि मग पाळकसाहेबांची बदली होते, सचिव आजारी पडतो, अधीक्षक बाई मुलीकडे पुण्याला जातात, आणि तीस-चाळीस मुलांचा वर्ग अशा एखाद्याच्या हाती येतो की ज्याला किल्ली कोठे असते हेही कोणी सांगितलेले नाही. हॅरी ट्रुमन १९४५ साली लिंकनच्याच खुर्चीवर असे आले. उपाध्यक्ष असताना अणुबाँबच्या कामाची माहितीसुद्धा त्यांना दिलेली नव्हती. पहिल्याचाही दोष असतो तो असा. ‘उप’ नेमावयाचा आणि त्याला काही दाखवायचे नाही. मोशेने तसे केले नाही; त्याने सर्व मंडळीदेखत यहोशवावर हात ठेवले आणि आपल्या अधिकाराचा काही भाग त्याला जिवंतपणीच दिला (गणना २७).

येणाऱ्या सभेत कोणी ‘उप’पदासाठी नाव सुचविले, तर सभासदांनी अध्यक्षांना एवढेच विचारावे: पुढच्या रविवारपासून सर्व काम ह्यांच्याकडेच द्यावे लागले तर आपण देऊ काय? उत्तर ‘होय’ असेल तर मराठी की तेलुगू, ह्या वाड्यातला की त्या, हे खुशाल पाहावे. उत्तर येण्यास वेळ लागला, तर दुसरे नाव घ्यावे. मंडळी लहान असेल आणि दुसरे नाव नसेल, तर जागा रिकामी ठेवलेली बरी. रिकामी जागा निदान दिसते.

आणि जो त्या जागेवर आधीच एकदा पडला आहे, त्याचे काय? वासराच्या प्रकरणानंतर अहरोनाला टाकून दिले नाही. देवाचा कोप त्याच्यावर भडकला असता मोशेने त्याच्यासाठीही प्रार्थना केली, असे अनुवाद ९ मध्ये आहे. तो याजक झाला, म्हणजे लोकांसाठी देवापुढे उभा राहणारा. ते काम त्याच्या कोमल स्वभावाला साजणारे होते. होर डोंगरावर तो मरण पावला, तेव्हा इस्राएलाच्या सर्व घराण्याने तीस दिवस शोक केला. मोशेसाठीही त्यांनी तीसच दिवस केला.