आपला भार आणि दुसऱ्याचे ओझे

सायकलीवर तंबू, पांघरूण व शिधा बांधून दोन-तीन मुक्कामांचा प्रवास करावा, अशी हौस तरुण मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या नंदगडच्या मुलांना तर वाटही हाताशी आहे. खानापूर व जांबोटी करीत मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीस जावे आणि परत यावे. निघण्यापूर्वी पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की बरोबर काय घ्यावे? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. मनुष्याने स्वतःची तरतूद किती करावी, आणि दुसऱ्यावर किती विसंबावे?

प्रथम व्यवहार पाहू. सपाट रस्त्यावर सायकलीने एकदा गती घेतली, की दहा किलो सामान जास्त झाल्याचे फारसे जाणवत नाही. चढ लागला, की प्रत्येक किलोचा हिशेब पायांना द्यावा लागतो. उतारावर तेच वजन ब्रेकला दाद देत नाही, आणि रिम ओली असेल तर मुळीच नाही. ओझे उंच बांधले तर हँडल डगमगते. म्हणून जड वस्तू खाली, दोन्ही बाजूंना सारख्या बांधाव्यात. मागच्या चाकाच्या तारा आधी तपासून घ्याव्यात, कारण बहुतेक भार तेथेच पडतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हेही विसरू नये. आणि खरी सफर करण्यापूर्वी सगळे सामान लादून एकदा हलशीपर्यंत तरी जाऊन यावे. मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने सांगितले ते उगीच नव्हे.

येथे कोणी म्हणेल, "पण प्रभूने शिष्यांना झोळीसुद्धा घेऊ दिली नाही. मग एवढी बांधाबांध हा अविश्वासच नव्हे काय?" आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. परंतु शेवटच्या रात्री त्याच प्रभूने त्याच शिष्यांना पिशवी व झोळी घेण्यास सांगितले, हे लूक आपल्याला सांगतो. तेव्हा झोळी घेण्यात विश्वास वा अविश्वास नाही. आपण कोठे, कशासाठी आणि कोणाच्या दारी जात आहोत, हे पाहावे लागते. शिष्य घरोघरी सुवार्ता व आरोग्य देण्यास गेले होते. आपली मुले हौसेखातर निघाली आहेत.

हा भेद मोठा आहे. जांबोटीपलीकडच्या एखाद्या वाडीत दिवेलागणीला चार मुले रिकाम्या हाताने पोहोचली, तर तेथील माउली त्यांना उपाशी ठेवणार नाही. डब्यातले उद्याचे तांदूळ ती आज शिजवील, आणि चेहऱ्यावर काही दिसू देणार नाही. मुले मात्र परत येऊन सांगतील, "देवाने पुरवले." पुरवले देवानेच, पण ते कोणाच्या डब्यातून आले, हे विचारण्याचे आपण विसरतो. आपल्या बेफिकिरीची किंमत गरिबाने भरावी आणि आपण तिला श्रद्धा म्हणावे, हे बरे नव्हे.

मग सर्वच बरोबर न्यावे काय? तसेही नाही. तंबू आपला असला तरी जमीन दुसऱ्याची असते. ह्याच तालुक्यात भीमगडचे अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीवाचून रानात मुक्काम करता येत नाही, आणि करूही नये. म्हणजे शाळेचा व्हरांडा किंवा एखाद्याचे खळे मागावेच लागते. ज्याला कोणाचे काहीच नको, तो गावातून जातो पण गावाला भेटत नाही. प्रभू शोमरोनातील विहिरीजवळ बसला तेव्हा त्याच्याजवळ पोहरा नव्हता. त्याने पाणी मागितले, आणि त्या मागण्यातून संभाषण सुरू झाले.

बाबा आमटे ह्यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होत्या. वाटेत गावोगावच्या लोकांना भेटणे, हाच त्या यात्रेचा हेतू होता. उलट पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सायकलीवरून सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यातील बहुतेक वाट तिने एकटीने काटली. दोन्ही प्रवास थोर आहेत, पण एकाच मापाने दोघांची झोळी भरता येणार नाही.

मग माप कोणते? पौलाने गलतीकरांस लिहिताना एका ठिकाणी एकमेकांची ओझी वाहण्यास सांगितले, आणि तीनच ओळींनंतर प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा असेही म्हटले. हा विरोध नव्हे. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे माणसाला दडपून टाकणारे ओझे. दुसरा 'फोर्तिओन', म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचा भार. जहाजातील मालालाही हाच शब्द लावीत. आणि प्रभू आपले ओझे हलके आहे म्हणतो, तेथेही हाच दुसरा शब्द आहे.

सायकलीच्या कॅरियरवर हा भेद उत्तम शिकता येतो. पंक्चरचे सामान, पंप, जादा ट्यूब, औषध, दोन वेळचा शिधा व पांघरूण हा आपला भार. तो न नेल्यास दुसऱ्यावर ओझे पडते. भीतीपोटी घेतलेली तिसरी चादर व चौथा सदरा मात्र घरी ठेवावा, आणि त्या जागी बरोबरीच्या अशक्त मुलाचे भांडे घ्यावे. ज्याने स्वतःचा भार नीट बांधला आहे, त्यालाच दुसऱ्याचे ओझे उचलण्यास जागा राहते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांकडून अशी यादी जरूर करून घ्यावी. प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहावा: ही आपण नेली नाही, तर तिचे वजन कोणावर पडेल? उत्तर 'कोणावरच नाही' असे आले, तर ती वस्तू खुशाल घरी राहू द्यावी. एखाद्या गरिबाचे नाव आले, तर चढ कितीही असो, ती आपणच वाहावी.